आतोबांनी बॉयलरला झापलं

रागावल्याशिवाय ज्यांना श्वासच घेता येत नाही अशा माणसांचा कुठे पक्ष निघाला, तर आमचे आतोबा त्याचे बिनविरोध अध्यक्ष होतील. आत्याशी लग्न करून ते लंडनजवळच्या वॉटफर्डला आले त्याला आता उभा जन्म झाला, पण इथल्या एकाही गोष्टीला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. ट्रेन उशिरा आली की ते चिडतात, वेळेवर आली की 'आज काय झालंय यांना?' म्हणून चिडतात. शेजारीण कुंपणापलीकडून 'लव्हली डे' म्हणाली, की आकाशाकडे बघून विचारणार, 'कुठेय?'

यंदा जानेवारीत आत्या न्यूमोनियाने हॉस्पिटलमध्ये होती. ती घरी आली आणि दुसऱ्याच सकाळी घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. आतोबांचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता ये! हा हरामखोर चालू होत नाहीये." मी ईलिंगहून धावत गेले. ओव्हरकोट, मफलर, कानटोपी अशा थाटात आतोबा किचनमध्ये बॉयलरसमोर उभे होते. थर्मोस्टॅट वाढवून झाला होता, त्याच्या बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या, शेजारी गॅसची शेगडी तर छान पेटत होती. रीसेटचं बटण दाबलं की आत गुडगुड व्हायची, जरा आशा वाटायची आणि पुन्हा लाल दिवा लुकलुकायला लागायचा. "बघ, डोळे मिचकावतोय मला!" इंजिनियरच्या ऑफिसातली मुलगी फोनवर म्हणाली, गुरुवारशिवाय कुणी मोकळं नाही. "म्हणजे गुरुवारी माझ्या बायकोचा बर्फ उचलायला येणार का?" इंग्रजीत सुरू केलेलं हे वाक्य आतोबांनी मराठीत संपवलं आणि फोन आपटला.

मग मीही भडकले. "आतोबा, पुरे झालं! आत्याला मी माझ्याकडे घेऊन जाते."

"ती कुठेही जाणार नाही! एकदा नेलीत ना तुम्ही सगळ्यांनी हॉस्पिटलात!"

या आरडाओरड्यात वरून कसलीतरी टकटक ऐकू येत होती. मी जिना चढून गेले. रजयांच्या ढिगाखाली आत्या चमच्याने कप बडवत होती. खोकून तिचा आवाज पार बसला होता. मी कान तिच्या तोंडाशी नेला. "अगं, बाहेर भिंतीवर बॉयलरचं पाणी जायचा पांढरा पाइप आहे ना, तो गोठला असेल. मघापासून सांगतेय. हे गप्प बसतील तर ऐकू येईल ना."

आम्ही कोमट पाण्याचे तांबे घेऊन बाहेर गेलो. "वितळ! वितळ म्हणतो ना!" असं त्या पाइपला दरडावत आतोबांनी पाणी ओतलं. आत येऊन बटण दाबलं आणि बॉयलर भस्सकन पेटला.

आतोबा कोटासकट वर गेले आणि आत्याच्या पायाशी बसले. "मोठ्याने सांगायला काय झालं होतं?" त्यांनी दरडावून पाहिलं, पण आवाज काही चढेना. रजईवरून तिचे पाय चोळत ते हळूच म्हणाले, "तू हॉस्पिटलात होतीस ना, तेव्हा या घरात मी एकदाही ओरडलो नाही."

आत्याने त्यांच्या डोक्यावरची कानटोपी नीट केली. मी खाली आले आणि चहाचं आधण ठेवलं.