फाइन प्रिंट काका

छापलेलं अक्षर वाचण्यासाठीच असतं असं मानणारा पृथ्वीच्या पाठीवरचा शेवटचा माणूस अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात, आमच्या घरापासून चार मेलबॉक्स सोडून राहतो. बाकी आपण सगळे छापील मजकुराकडे भिंतीवरच्या ओलीकडे बघावं तसे बघतो. म्हणजे आहे हे माहीत असतं, जवळ जायचं नसतं. काका जवळ जातात. शाम्पूच्या बाटलीची मागची बाजू वाचल्याशिवाय ते डोक्याला शाम्पू लावत नाहीत. हॉटेलात सगळ्यांनी ऑर्डर देऊन झाली तरी ते मेनूकार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली सूचना वाचत असतात आणि मग मान वर करून सांगतात, "यांच्या तळणीत शेंगदाण्याचं तेल असू शकतं म्हणे. असतंच असं नाही. असू शकतं." आमची मुलगी आठ वर्षांची असताना तिने त्यांचं नाव 'फाइन प्रिंट काका' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते इतके खूश झाले की आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं.

एकदा कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस ट्रँपोलिनच्या हॉलमध्ये होता. आत जाण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाने स्क्रीनवरच्या एका संमतीपत्रावर सही करायची. आम्ही वीस जणांनी वीस सेकंदांत बोटं फिरवली. काका एकविसावे. मागे रांग लागली, पोरं मोज्यांवर जागच्या जागी उड्या मारायला लागली, आणि काका काउंटरवरच्या मुलीला अतिशय नम्रपणे विचारत होते, "नवव्या परिच्छेदात लिहिलंय की मृत्यू आला तरी तक्रार करणार नाही. पण मेल्यावर तक्रार करणार कोण, हे स्पष्ट केलेलं नाही जी." त्या मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने तो परिच्छेद पहिल्यांदाच वाचला.

मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी हॉलच्या दाराशी लावलेली पाटी वाचली, डोकी मोजली आणि अध्यक्षांना कळवलं की आगीच्या नियमाप्रमाणे अकरा माणसं जास्त झाली आहेत. अध्यक्ष हसले. काका हसले नाहीत. "दहा करून देतो," म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. सगळं नाटक त्यांनी दाराच्या काचेतून पाहिलं आणि नंतर नटांना सांगितलं की अभिनय उत्तम होता, ऐकू मात्र काही आलं नाही.

हे वेड नोकरीतून आलं असावं असं मला बरीच वर्षं वाटायचं. काका मूळचे नागपूरचे. इकडे औषधांच्या एका कंपनीत त्यांनी सगळी हयात काढली. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो कागद असतो ना, जो आपण गोळी काढताना फेकतो, तो तपासायचं त्यांचं काम. एकदा एक घर सरकलेलं दशांशचिन्ह त्यांनी पकडलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज अजून बारीक होतो. त्यांच्या दिवाणखान्यात भारताची राज्यघटना आणि या राज्याची राज्यघटना शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत आणि दोन्हींत पेन्सिलीच्या खुणा आहेत. नागरिक झाल्यापासून दर निवडणुकीला ते शाळेच्या जिममधल्या मतदान केंद्रावर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत काम करायचे. मतदारांना सूचना नीट कळाव्यात म्हणून त्या ते वाचून दाखवायचे. त्यांच्या टेबलाची रांग नेहमी सर्वांत लांब असायची.

आता माझं सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला, पुण्याचा, आणि पुण्याचा असल्यामुळे सर्व विषयांवर मत असलेला. वाचनाच्या बाबतीत मी काकांचं दुसरं टोक. 'आय ॲग्री' लिहिलेला चौकोन दिसला की माझं बोट आपोआप पुढे होतं. तसले चौकोन मीच नोकरीत बसवतो, त्यामुळे ते कुणी वाचत नाही याची मला व्यावसायिक खात्री आहे.

निवडणुकीच्या आधी एका शनिवारी आमच्याकडे मिसळ होती. दुसरी वाटी झाल्यावर मी बनावट मतदानावर बोलायला लागलो. नागरिक नसलेले लोक कसे सर्रास मत देतात याचा व्हॉट्सॲपवर आलेला एक आकडा मी सांगितला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा वाढवूनच सांगितला. मी स्वतः तेव्हा ग्रीन कार्डवाला. मला मत नव्हतं. त्यामुळे माझी कळकळ फारच शुद्ध होती. बोलता बोलता मी म्हणालो, "माझं तर स्पष्ट मत आहे यार, मतदाराची परीक्षाच घ्यावी. साधं लिहिता-वाचता येतं का बघा. अंगठाछाप माणसाला कसलं आलंय मत!"

काका कोपऱ्यातल्या खुर्चीत फरसाणच्या पाकिटाची मागची बाजू वाचत होते. त्यांनी पाकीट खाली ठेवलं.

"होती ना परीक्षा," ते म्हणाले. "इथंच. याच राज्यात. घटनेतलं कलम वाचून दाखवा, लिहून दाखवा. पास झालं की नाही ते काउंटरवरचा माणूस ठरवणार. त्याचं समाधान व्हायला पाहिजे. काळ्या लोकांच्या शाळांतले मास्तर नापास व्हायचे त्याच्यात, दुसऱ्यांची पोरं शिकवणारे. आणि सुरुवातीला, गोऱ्या माणसाचा आजा मतदार होता म्हटलं की नातवाला परीक्षा माफ. परीक्षेचं ते वाक्य या राज्याच्या घटनेत अजून आहे छापलेलं. चालत नाही आता, पण पुसलंही नाही कुणी. मी पेन्सिलीने खूण करून ठेवलीय."

"ते जुनं झालं हो काका," मी म्हणालो.

"माझी आई अंगठा लावायची," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मतदानाच्या दिवशी मजुरी बुडवायची. धुतलेलं पांढरं लुगडं नेसायची आणि सगळ्यांच्या आधी जाऊन रांगेत उभी राहायची. चिन्हं कळायची तिला. चिन्हांच्या मागची माणसंही कळायची. आल्यावर दिवसभर ते शाईचं बोट पाण्यात घालायची नाही. मला म्हणायची, हे मी केलं, आता वाचायचं काम तुझं."

अशा वेळी माणसाने काय म्हणावं? माफी मागावी. निदान गप्प बसावं. मी म्हणालो, "काका, तर्री घ्या ना अजून."

त्यांनी घेतली. ती मात्र मला आजवर पचलेली नाही.

पुढच्याच वर्षी मी नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला. आमच्या गावात हा अर्ज काकांना दाखवल्याशिवाय कुणी पाठवत नाही, पण त्या शनिवारपासून मी काकांच्या घरावरून गाडी जरा वेगात नेत होतो. शेवटी बायकोनेच त्यांना बोलावलं. काका आले, चष्मा लावला आणि पहिल्या प्रश्नापासून मोठ्याने वाचायला लागले. दोन तासांनी आम्ही त्या प्रश्नावर आलो.

"मतदार म्हणून कधी नाव नोंदवलं आहे का?"

"छे!" मी म्हणालो. "'नाही' वर टिक करा."

"तपासलं का?"

"न केलेल्या गोष्टीचं काय तपासायचं काका?"

"वेबसाइट आहे जी. नाव टाकायला काय जातं?"

नाव टाकलं. माझं नाव, मधे वडिलांचं नाव, आमचाच पत्ता, आणि पुढे हिरव्या अक्षरात: नोंदणीकृत मतदार.

मला आधी वाटलं, दुसरा कुणी असेल. पण माझ्या वडिलांचं नाव विठ्ठल आणि आडनाव असं की अमेरिकेत दुसरा निघणं शक्य नाही.

"लायसन्स कधी रिन्यू केलं?" काकांनी विचारलं. मी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी. "तिथं विचारतात ते. नाव नोंदवायचं का, नागरिक आहात का. तुम्ही काय म्हणाला होता?"

"नाही म्हणालो असेन! मी कशाला हो म्हणेन?"

"कसं म्हणाला होता? मी ती काउंटरवरची बाई." काका ताठ बसले आणि इंग्रजीत विचारलं, "सर, आर यू अ सिटिझन?"

मी खिशात लायसन्स शोधत असल्यासारखी मान खाली घातली आणि म्हणालो, "अंहं."

आणि माझं मलाच ऐकू आलं. आपल्याकडे लहानपणापासून चमचा पुढे आला की आपण जे म्हणतो, तेच. नको, नाही, अंहं. पण या देशात तोच आवाज म्हणजे 'हो'. त्या बाईने बिचारीने 'हो' लिहिलं. मग सहीसाठी स्क्रीन पुढे केली असेल. सहीच्या वर एक ओळ असेल, की मी शपथेवर सांगतो मी नागरिक आहे. मी नेहमीप्रमाणे बोट फिरवलं असेल.

"अरे देवा," बायको म्हणाली. "म्हणून तुझा मॅनेजर तुला सगळी कामं देतो होय! मला वाटायचं तू हुशार आहेस."

"मतदाराचं कार्ड आलं असेल घरी," काका म्हणाले.

आलं असणार. न उघडता फेकलेल्या पाकिटांत गेलं असणार.

हसू फार वेळ टिकलं नाही. नागरिक नसताना नागरिक आहे असं सांगणं हा या देशात भलताच गुन्हा आहे. त्यावर अर्ज नामंजूर होतो, माणसाला परत पाठवूही शकतात. घर, मुलीची शाळा, अठरा वर्षं, सगळं त्या एका हुंकारावर येऊन थांबलं होतं. आणि मग, मिसळ खाताना लोकशाहीच्या शुद्धतेवर बोललेला मी काय म्हणालो ते लिहायला आजही हात धजत नाही. मी म्हणालो, "काका, 'नाही' वरच टिक करू या. मी मत तर दिलं नाहीये ना? कोण बघतंय?" आणि पेन उचललं.

काकांनी मला त्या दिवसापर्यंत कधी एकेरी हाक मारली नव्हती. "पेन खाली ठेव तू," ते म्हणाले. मी ठेवलं. बायको उठून चहा करायला गेली, आणि आमच्याकडे चहा नुकताच झाला होता.

वकिलाचा सल्ला घेतला. तो म्हणाला, आधी नाव काढा आणि सगळं खरं लिहा. काउंटीच्या निवडणूक कार्यालयात काका माझ्याबरोबर आले. तिथल्या वयस्कर बाईंनी एक कोरा कागद दिला. मी नागरिक नाही, चुकून नाव नोंदवलं गेलं, कृपया काढावं, असं हाताने लिहा म्हणाल्या. माझ्या नावापुढे अभियांत्रिकीच्या दोन पदव्या आहेत. त्या काउंटरवर उभं राहून मला 'सिटिझन'चं स्पेलिंग आठवेना. खाडाखोड झाली. काका शेजारी उभे होते, पण एक अक्षर सांगायला तयार नव्हते. "निवेदन तुझं आहे," एवढंच म्हणाले. बाईंनी माझा कागद पाहिला आणि काही न बोलता दुसरा दिला. "टेक युअर टाइम, हनी." मला त्या जुन्या परीक्षेतले मास्तर आठवले. त्यांच्या समोरच्या माणसाला त्यांना नापास करायचं होतं. माझ्या समोरची बाई मला कागदामागून कागद देत होती, आणि चूक मी केलेली होती.

"तुम्ही कधी मत दिलंय का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पूर्ण शब्द म्हण," काका मराठीत कुजबुजले.

"नो मॅम," मी म्हणालो. "नेव्हर."

परत येताना गाडीत मी त्या शनिवारबद्दल माफी मागितली. आईचं नाव काढण्याचं धाडस झालं नाही. नुसतं म्हणालो, "काका, त्या दिवशी मी फार मूर्खासारखं बोललो." ते खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत होते. एक पाटी पूर्ण वाचून म्हणाले, "बोललास खरा," आणि पुढची पाटी वाचली.

यानंतरची गोष्ट मला सांगायला आवडत नाही. काकांच्या डोळ्यांचा मधला भाग हळूहळू जातोय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणूस येतोय हे कळतं, चेहरा कळत नाही. अक्षर तर समोरच असावं लागतं. मतदान केंद्रावरचं काम त्यांनी सोडलं. मागच्या निवडणुकीला मत द्यायला जाताना त्यांनी मला फोन केला. ज्याला दिसत नाही तो आपल्या पसंतीचा माणूस मदतीला नेऊ शकतो, आणि तो मदतनीस नागरिक असलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, हे त्यांनी अर्थातच आधी वाचलेलं होतं.

शाळेच्या त्या जिममध्ये, पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी आयुष्यात पहिल्यांदा इथली मतपत्रिका हातात धरली. त्यांनी सगळं वाचायला लावलं. न्यायाधीश झाले, शाळामंडळ झालं, माती आणि पाणी संवर्धनाचे पर्यवेक्षकसुद्धा झाले. प्रत्येक नावाला ते हळूच 'हा' किंवा 'हा नको' म्हणायचे आणि मी गोल काळा करायचो. एका जागी त्यांनी असं नाव सांगितलं की ज्याच्याविरुद्ध मी मिसळीच्या दोन वाट्या भरून बोललो असतो. माझं पेन थांबलं. त्यांना दिसत नव्हतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. दोन गोलांमध्ये अर्ध्या इंचाचं अंतर होतं. क्षणभरच, पण ते अंतर मी मोजलं, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. मग त्यांनी सांगितलेला गोल काळा केला, जरा जास्तच गडद.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं काका."

मी म्हणालो, मशीनमध्ये टाकण्याआधी इथल्या कुणाला तरी एकदा वाचून दाखवायला सांगू या. ते म्हणाले, "कशाला?" आणि माझ्या हाताच्या आधाराने तो कागद त्यांनी आत सरकवला.

माझ्या अर्जाचं अजून उत्तर आलेलं नाही. वकील म्हणतो, थांबा. काकांचे डोळ्यांचे डॉक्टरही तेच म्हणतात. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जातो आणि आठवड्याची आलेली सगळी पाकिटं वाचून दाखवतो. वाण्याच्या दुकानाची जाहिरातही सोडत नाही. पुढची निवडणूक जवळ आलीय. मत त्यांचं, डोळे माझे. सध्या तरी आम्ही दोघं मिळून एक मतदार आहोत.