माझी मुलगी डॉक्टर नाही

ग्रुपमधल्या सगळ्या ताई-दादांनो, विहारातून घरी आले तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहिते.

आज वंदनेनंतर नोकरीला लागलेल्या मुलांचा सत्कार होता. माझी पल्लवी मेडिकल कॉलेजात लायब्रेरियन झाली आहे. कुठल्या आजारावर काय नवं संशोधन झालंय ते डॉक्टरांना शोधून देणं, हे तिचं काम. लहानपणापासून पुस्तकांतच रमायची, पुढे आवडीनेच लायब्ररीचं शिक्षण घेतलं.

आपल्या सचिवभाऊंनी माईकवर सांगितलं, "आपली पल्लवी आता मेडिकल कॉलेजात डॉक्टर."

टाळ्या पडल्या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, चुकलं तुमचं, ती लायब्रेरियन आहे."

ते हसले. "माहीत आहे वहिनी. पण लायब्रेरियन म्हटलं की लोक म्हणणार, किताबें गिनती है. डॉक्टर म्हटलं की समाजाची मान उंच होते. स्थळंही चांगली येतील."

पल्लवी मागेच उभी होती. "रहने दो ना आई," म्हणाली आणि हातातला गुच्छ खुर्चीवर ठेवून दिला.

तिचं ते तोंड मला बघवेना. जन्मात पहिल्यांदा माईक हातात घेतला. म्हटलं, "आत्ताच आपण पंचशील घेतलं, खोटं बोलणार नाही म्हणून. माझी मुलगी लायब्रेरियन आहे. सत्कार तिचा असेल तर त्या नावाने करा."

कोणी टाळी वाजवली नाही.

तुम्हीच सांगा, पोरीने मेहनतीने मिळवलेलं काम आपल्याच माणसांनी का लपवावं?