जयवंताबाईंचा बडग्या

जयवंताबाईंना शाळेत हक्काचा असा एकही तास नव्हता. मनीषनगरच्या त्या शाळेत लागल्यापासून त्या बदली तासाच्या बाई. गणिताचे सर लग्नाला गेले, पाठवा जयवंताबाईंना. हिंदीच्या मॅडमची दाढ दुखली, पाठवा जयवंताबाईंना. शेतकरी घरातली बाई, आवाज असा की बैल हाकताना काठी लागू नये. पोरं त्यांच्यावर खूश असत, कारण बदली तासाला अभ्यास नसतो. पण 'तुमचा विषय कोणता हो?' असं कुणी लग्नाकार्यात विचारलं की बाई पटकन भाजीचं बोलू लागत.

म्हणून मुख्याध्यापक मनोहरराव कुठल्याशा प्रशिक्षणावरून परतले आणि आठवीला 'पर्यावरणीय, बहुसांस्कृतिक व जागतिक साक्षरता' असा तास लावायचा म्हणाले, तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी माना खाली घातल्या आणि जयवंताबाईंनी हात वर केला.

"नाव तरी पाठ होईल का, बाई?"

"नाव तुम्ही पाठ करा, सर. मले तास द्या."

तास मिळाला, पण अटीचं शेपूट लावून. पोळ्याची सुटी लागायच्या दिवशी संस्थेचे लोक येऊन पाहणार. पटलं तर तास राहील, नाही तर गणिताकडे जाईल. बाईंनी घरी जाऊन वडाभात केला. "काय वं, तास काय, नोकरी लागल्यावानी करून राहिली तू," नवरा शालिकराम म्हणाला. "आता लागली," बाई म्हणाल्या.

शिकवायचं काय, हा मात्र प्रश्नच होता. पुस्तक नव्हतं. तेव्हा बाईंनी आपल्याला येतं तेच काढलं, बडग्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सोबत चिंध्या-कागदांचे पुतळे, म्हणजे बडगे असतात. सगळं गाव घसा फोडून ओरडतं, "इडापिडा घेऊन जा गे मारबत!" आणि ती पिडा गावाबाहेर नेऊन जाळतं. शाळेचा बडग्या दरवर्षी बाईच करत, सुटीच्या आधी मागच्या मैदानात नेऊन काडीही त्याच लावत. यंदा त्यांनी फर्मान काढलं, "चिंध्या नको. ज्याच्या घरात जे इडापिडा असन, ते घेऊन या."

पोरांनी घरं झाडून आणली. चिप्सची पाकिटं, मेलेले चार्जर, जोडीदार हरवलेल्या चपला, पार्सलांसोबत येणारं फुगेवालं प्लास्टिक. मनोहररावांच्या खोलीतूनच थर्माकोलच्या प्लेटांची चळत निघाली. बडग्या एवढा फुगला की दारातून निघेना.

बांधता बांधता गप्पा निघाल्या. बंगाली घरचा गौरांग म्हणाला, त्याची आजी कालीपूजेला सूप बडवून अलक्ष्मीला दाराबाहेर काढते. एका तमिळ पोरीनं भोगीच्या पहाटे दारात पेटवतात ती जुन्या सामानाची होळी सांगितली. जपानात भाजलेले दाणे फेकून राक्षस हाकलतात, ही माहिती केयूरनं कुठूनशी पैदा केली. बाई मनात हिशेब करत होत्या, बहुसांस्कृतिक झालं, जागतिक झालं, पर्यावरण तेवढं राहिलं.

तेही चालत आलं. हजेरीपुरतं तोंड उघडणारी श्वेता म्हणाली, "बाई, गावाबाहेर म्हणजे कुठं?"

"मागचं मैदान नाही का."

"त्याले लागूनच तर आमचं घर आहे. नवीन लेआउटमधी. बडग्या जळते तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेतो. बाबांले मंग खोकला राहते."

बाईंना वाईट वाटलं. टाळ्यांच्या गजरात काडी लावणारा हात त्यांचाच होता. त्यांनी कपाटातला पृथ्वीगोल काढून टेबलावर आदळला. "शोधा बरं याच्यात गावाबाहेर."

गौरांगनं समुद्रावर बोट ठेवलं. तिथे मासे राहतात, असं तीन पोरं एकदम ओरडली. केयूरनं खाली दक्षिण ध्रुव गाठला, तर तिथे पेंग्विन निघाले. वाळवंटात उंट निघाले. गोल फिरवून फिरवून त्याचा स्क्रू ढिला झाला, पण गावाबाहेर काही सापडलं नाही.

सुटीच्या दिवशी संस्थेचे लोक कापूर घेऊन मैदानात हजर. मिरवणूक वाजतगाजत आली. अध्यक्षांनी काडी ओढली तशा बाई आडव्या आल्या. "जाळायचा नाही, साहेब. जाऊन जाऊन हे जाईन कुठं?" आणि त्यांनी बडग्याच्या दोऱ्या सोडल्या. "आपापली इडापिडा उचला अन् घरी न्या रे!" थर्माकोलची चळत त्यांनी मनोहररावांच्या हातात दिली. मनोहररावांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

सुटी संपली आणि पालक थैल्या घेऊन फाटकात उभे. सर्वांत पुढे केयूरची आई दिपाली. "बाई, सणासुदीले कोणी इडापिडा घरी पाठवते काय? सासूनं मले उंबऱ्याच्या आत येऊ नाही दिलं!"

बाईंनी पृथ्वीगोल पुढे केला. "ठेवा ना इथं. पण पयले दाखवा, मी कुठं टाकू?"

दिपालीनं गोल फिरवला, थांबवला, पुन्हा फिरवला. मग थैली उचलून गेली. बाकीच्यांपैकी काहींनी थैल्या परत नेल्या, काहींनी बाईंच्या टेबलाखाली ढकलल्या.

तास गेला. उपक्रम स्तुत्य आहे, पण दहावी जवळ येते आहे, असं संस्थेचं म्हणणं पडलं. आठवीच्या पोरांची दहावी! बाई बाथरूममध्ये जाऊन रडल्या, खोटं कशाला सांगायचं.

पुढच्याच आठवड्यात गणिताचे सर लग्नाला गेले. पाठवा जयवंताबाईंना. बाई पृथ्वीगोल काखोटीला मारून आठवीत शिरल्या, तर श्वेता आपण होऊन उभी राहिली.

"बाई, यंदा आम्ही खिडकी नाही लावली."

बाईंनी गोल टेबलावर ठेवला, पदरानं नाक पुसलं.

"बस," त्या म्हणाल्या. "गणिताची पुस्तकं आत ठेवा."

मग त्यांना उद्याच्या बदली तासांचा फलक आठवला. हिंदीच्या मॅडमची दाढ पुन्हा दुखत होती.