दाजींच्या जीपचे बुश

आमच्या दाजींना स्वस्थ बसता येत नाही. खुर्ची दिली तर बसतात, पण ते बसणं कसलं? पाय हलत असतो, हातात किल्ल्या वाजत असतात, नाहीतर शर्टाच्या बटणाला पीळ घालणं चाललेलं असतं. ताईचं लग्न ठरायच्या आधी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "याला कुठे जायचंय का?" जायचं कुठेच नव्हतं, माणूसच तसा. ओळखीचे सगळे त्यांना भिंगरी म्हणतात, आणि तेही त्या हाकेला ओ देतात.

मी त्यांचा मेव्हणा. गॅरेज चालवतो. माझं डोकं लवकर तापतं असं घरात म्हणतात. ज्यांना दिवसभर दुसऱ्यांनी वाट लावलेल्या गाड्या दुरुस्त कराव्या लागत नाहीत, त्यांनी ते खुशाल म्हणावं.

दाजींकडे एक जुनी जीप आहे. टेकडीवर दगडखाणीच्या मागे जी घरं आहेत, तिथली मुलं ते या जीपमधून खाली शाळेत आणतात आणि परत सोडतात. वरचा रस्ता म्हणजे खडी, खड्डे आणि एका बाजूला उतार. साधी गाडी तिथे पोट घासून बसेल. आज जी पोरं मागे दंगा करतात, त्यांतल्या काहींच्या आयांनाही दाजींनीच शाळेत सोडलंय. दुसरा धंदा त्यांनी कधी केला नाही. कुणी सुचवला तर म्हणायचे, "नको रे बाबा, दुसरीकडे एका जागी बसावं लागतं."

तर या जीपचं स्टिअरिंग सैल झालं होतं. फिरवलं की आधी थोडं नुसतंच फिरायचं, मग गाडीच्या लक्षात यायचं की आपल्याला वळायचंय. आम्ही गॅरेजवाले याला प्ले म्हणतो. स्टिअरिंगचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा असतो, तो मध्ये एका जाड पिनवर फिरतो. त्या पिनभोवती पितळेचे बुश असतात, म्हणजे नळीचे आखूड तुकडेच. ते झिजले की सगळं खुळखुळतं. मग सरळ रस्त्यावरही गाडी सरळ जात नाही, ड्रायव्हरला सारखं डावीकडे-उजवीकडे ओढत तिला वाटेवर ठेवावं लागतं. दाजींना त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांच्या हातांना आयतं काम मिळालं, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

मी वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो. बुश टाकून घ्या म्हटलं की "टाकू की". मग मुलांच्या परीक्षा आल्या. मग म्हणे, "या गाडीचे बुश हल्ली मिळत नाहीत हो मेव्हणे." मिळत नाहीत? मी आणून फळीवर ठेवले. तेव्हा म्हणाले, "असू द्या, जुने अजून चालतायत." दात काढून घ्यायलासुद्धा लोक एवढी टाळाटाळ करत नाहीत. मी हात टेकले.

शेवटी शाळेच्या सुट्टीत ताईच पेटली. एका मुलाच्या आईनं तिला विचारलं होतं, जीप अशी हेलकावे का खाते, काका थोडी घेतात का? दाजी आणि दारू! त्या माणसाला खोकल्याचं औषधही कडू लागतं. ताईला ते बोलणं फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तिनं दाजींना जीपमध्ये बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि जीप माझ्या दारात आणून उभी केली.

"शाळा उघडायच्या आत हे झालं पाहिजे," मला म्हणाली. "आणि लक्ष ठेव, हे पळून जातील." मग ती मागच्या बाजूला आमच्या घरात, माझ्या बायकोकडे गेली.

नेमकं कुठे सैल झालंय हे बघायची आमची एक साधी पद्धत आहे. एकानं वर बसून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून बघायचं. इंजिन बंद. दाजी वर बसले, मी खाली सरकलो.

"हलवा."

खट्, खट्, खट्. दांडा पिनवर असा नाचत होता की आत बुश आहेत की नाहीत अशी शंका यावी.

"बास. थांबा."

खटखट थांबली, पण दांडा थांबला नाही. बारीक, भराभर हलत होता. टिकटिक, टिकटिक, कान देऊन ऐकलं तरच कळेल एवढा आवाज.

"अहो, थांबा म्हटलं ना."

"थांबलोय मी."

"हलतंय अजून."

टिकटिक चालूच. मग एकदम बंद झाली, कारण त्यांनी हात काढून घेतले होते. मी तसाच पाठीवर पडून राहिलो. गालावर ग्रीस पडलं तेही पुसलं नाही.

बाहेर आलो तर दाजी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले की बरेच दिवस."

"ताईला माहीत आहे?"

"तिला काय माहीत असणार? सगळ्यांना वाटतं, भिंगरी आहे, चुळबुळ करतोय." ते हसले. "जन्मभर केली ती उपयोगी पडली म्हणायची."

मला हसू आलं नाही. त्यांनी घराच्या दिशेनं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "मेव्हणे, स्टिअरिंग सैल आहे तोवर हात कितीही हलला तरी चाकापर्यंत पोचत नाही. मधल्यामध्ये जिरतो. आणि गाडी डुललीच, तर लोक बुशला नावं ठेवतात, मला नाही. तुम्ही असं करा, नुसतं ग्रीस भरा आणि ताईला सांगा बदलले म्हणून."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "मागे पोरं बसतात दाजी," मी म्हणालो. "एका बाजूला उतार आहे. उद्या काही झालं तर तिथेही बुशच पुढे करणार का?" आणखीही बोललो, आणि मोठ्यानं बोललो. ते फळीवरच्या नव्या बुशांच्या डब्याकडे बघत ऐकून घेत होते.

"घाला तर मग," शेवटी म्हणाले. "नव्या बुशांवर गाडी सरळ गेली तर मी चालवणार. चालेल?"

"आणि नाही गेली तर?"

"जाईल की."

जीप जॅकवर घेतली, खाली ठोकळे लावले. पिनचा नट गंजून हटून बसला होता. त्याला तेल पाजलं, हातोडीनं समजावलं, तेव्हा कुठे हलला. तेवढा वेळ दाजींच्या माझ्याभोवती घिरट्या. पान्हा मागितला नसताना हातात पान्हा, आणि मागितला की दाजी रस्त्यावर. "एका जागी उभे राहा, नाहीतर तुम्हालाच व्हाइसच्या जबड्यात आवळून ठेवीन," मी म्हणालो. दोन मिनिटं उभे राहिले, मग पुन्हा सुरू.

जुने बुश दाबून बाहेर काढले. आतलं गोल भोक लांबट झालं होतं, एका बाजूला पितळ कागदाएवढं उरलं होतं. दाजींनी एक उचलून उजेडात धरला.

"बघा, म्हणजे याचाही दोष होताच."

"होताच," मी म्हणालो. खरंच होता. खोटं कशाला बोलू, तो बुश बघून मलाही आशा वाटायला लागली.

नवे बुश दाबून बसवले, पिन अलगद फिरेल इतपत आतून कोरून घेतले, ग्रीस लावलं, नट आवळला. पुन्हा तपासायला गाडीखाली झोपलो तेव्हा वर बायकोला बसवलं. दाजींना बसवायचा मला धीर झाला नाही. खट् नाही की बट् नाही.

गॅरेजच्या मागून एक लांब रस्ता जातो आणि पुढे टेकडीच्या खडीला लागतो. ताई मागे बसली. आधी मी चालवली. जीप शहाण्या मुलासारखी सरळ गेली. मग दाजींना दिली. आणि काय सांगू, जीप या कडेपासून त्या कडेपर्यंत. मागून ताई "अहो, अहो" करायला लागली. मी हात घालून स्टिअरिंग धरलं तेव्हा कुठे जीप ताळ्यावर आली. दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"संपलं," ते पुटपुटले.

"काही संपलं नाही," मी ओरडलो, कारण काय झालं ते मला कळलं होतं. "तुम्ही अजून जुनीच गाडी सांभाळताय. ती डावीकडे जायच्या आधीच उजवीकडे ओढता. आता ती जात नाही तर ओढायचं कशाला? सैल धरा. तिची ती जाईल."

दुसऱ्या खेपेला त्यांनी सैल धरलं. जीप रस्त्याच्या टोकापर्यंत सरळ गेली आणि सरळ परत आली. मी मांडीवर थाप मारली. ताईनं हुश्श केलं. दाजी गुणगुणायलाच लागले. हा माणूस हातचा गेला म्हणून मी उगाच घाबरलो, असं मला वाटलं, आणि मीच म्हणालो, "चला, थोडं वर घेऊ."

खडीवर चढताना स्टिअरिंग सैल धरून भागत नाही. दगड चाकं ओढतात, घट्ट धरावंच लागतं. दाजींनी घट्ट धरलं आणि हात सुरू झाला. गाडी फार हलली नाही. पुढचं चाक उताराकडे वीतभर सरकलं, त्यांनी ओढून आणलं. पुन्हा सरकलं. मी म्हणणार होतो की खडीच सैल आहे, टायर जुने आहेत. तोंड उघडलंही होतं.

दाजींनी जीप थांबवली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

"इतके दिवस कळत नव्हतं," ते म्हणाले, "गाडीचं किती आणि माझं किती. गाडीचं तुम्ही आज काढून टाकलंत." त्यांनी उजवा हात समोर धरला, लपवला नाही. तो थरथरत होता. "आता उरलंय ते माझं." मग मागे न वळता म्हणाले, "ऐकतेस ना? हात हलतो माझा. उद्याच दाखवू कुणालातरी. शाळा उघडली की मुलांना मेव्हणे नेतील."

मला विचारलं नव्हतं. पोरांचा कलकलाट मला सहन होत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण नाही म्हणवेना. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

ताई मागून उतरली आणि त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"कितीतरी दिवसांपासून तुमचा कप मी अर्धाच भरते. सांडू नये म्हणून. उरलेला चहा थोड्या वेळानं आणते."

दाजी तिच्याकडे बघत राहिले. पाय हलत नव्हता, किल्ल्या वाजत नव्हत्या.

"मला वाटलं," ते म्हणाले, "हल्ली दोनदा चहा देतेस. लाड करतेस म्हणून."

"लाडच आहेत ते," ताई म्हणाली. "सरका पलीकडे, त्याला बसू दे."