खापराला साबण

सव्वीस वर्षांच्या संसारात घराची साफसफाई मी एकदाच मनावर घेतली, तीही दुसऱ्यांच्या हातून करून. त्यानंतर आमच्या घरात आठवडाभर माझ्याशी कुणी सरळ बोललं नाही. आठवडा म्हणजे फार नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. बोलायला दुसरं कुणी नव्हतंच.

मुलीचं लग्न हिवाळ्यात झालं. सासर धुळ्याला, देवपुरात. त्यामुळे यंदाची आखाजी तिची लग्नानंतरची पहिली. बाकी महाराष्ट्र अक्षय तृतीया म्हणतो, आम्ही आखाजी म्हणतो, आणि दिवाळीपेक्षा जास्त मनावर घेतो, कारण आखाजीला लेक माहेरी येते. पहिल्या वर्षी मागोमाग जावईही जेवायला येतात. मुलीने महिनाभर आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "पप्पा, साडी-बिडी काही नको. आईला सांगा, मांडे पाहिजेत. माझ्या सासरचे मूळचे सोलापूरकडचे, त्यांना पोळी म्हणजे लाटलेलीच माहीत. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्याकडे पुरणपोळी हातावर होते. हे तर हसतातच. म्हणतात, फेकू नकोस."

त्यामुळे मुलीचा शब्द मांड्यांवर टांगलेला होता. आणि मांडे टांगलेले होते खापरावर.

खापर म्हणजे घमेल्याएवढं मातीचं भांडं. चुलीवर पालथं घालायचं, खालून जाळ करायचा, आणि पुरण भरलेला मऊसूत उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवून त्या तापलेल्या पाठीवर अलगद सोडायचा. तो मांडा. बायकोचं खापर लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या माहेरच्या बाजारात, धरणगावला घेतलेलं. सव्वीस आखाज्यांचं तेल, पीठ आणि धूर खाऊन ते काळं, गुळगुळीत झालं होतं. त्यावर पोळी चिकटायची नाही. वर्षभर ते जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर असायचं. त्याला मी हात लावायचा नाही, मुलीनेही लावायचा नाही, असा नियम होता. नियम मला माहीत होता. नियमाचं कारण मी कधी विचारलं नव्हतं.

आखाजीच्या आठवडाभर आधी बायको धरणगावला गेली, वहिनीसोबत कुरडया-पापड करायला. जाताना म्हणाली, "मी आले की घर झाडून-पुसून काढायला घेऊ. गुडघे देतील साथ तितकं करू." माझ्या मनात आलं, ती यायच्या आत घर लख्ख करून ठेवलं तर? मोबाइलवर जाहिरात दिसतच होती. एका दिवसात घर नव्यासारखं. मी फोन लावला. मला वाटलं, मी नवरा म्हणून एका वेगळ्याच पायरीवर चढतोय.

सकाळी आठला तिघं जण आले. सोबत तीन यंत्रं, सात-आठ बाटल्या आणि ब्रशांची एक पेटी. त्यांच्या प्रमुख एक ताई होत्या, नाशिककडच्या, माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. आल्या आल्या त्यांनी मोबाइल काढला आणि घराचे फोटो घ्यायला सुरुवात केली. म्हणाल्या, "आधीचे आणि नंतरचे, काका. तुम्हालाच पाठवते." पंख्याच्या पात्याचा फोटो. चिमणीच्या जाळीचा फोटो. मी पंचवीस वर्षं ज्या खुर्चीत बसून पेपर वाचतो, तिच्या मागच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या तेलाचा गोल उठलेला होता, त्याचा तर त्यांनी जवळ जाऊन फोटो घेतला. इतकं बारकाईने माझ्या डोक्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

मग कामाला जोर चढला आणि मी अडचण झालो. हॉलमध्ये बसलो, तर "काका, जरा आत." आत गेलो, तर "काका, इथे फवारा मारायचाय." शेवटी मला जिन्यात स्टूल दिलं. स्वतःच्या घराच्या जिन्यात, स्वतःच्याच स्टुलावर, मी पाहुण्यासारखा अंग चोरून बसलो.

आता माझ्या स्वभावाचं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात केमिकलचा दोष थोडा आणि याचा जास्त. मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. आमच्या खिडकीपुढे रोज शंभर पोरं येतात आणि हजार प्रश्न विचारतात. त्यातले निम्मे मला येत नाहीत. पण खिडकीच्या आत बसलेल्या माणसाने "मला माहीत नाही" म्हणायचं नसतं. ठाम आवाजात काहीतरी सांगायचं, की पोरगं निघून जातं. चुकीचं निघालं तर दुसऱ्या दिवशी येतं. ही सवय अशी अंगात भिनली आहे की घरी रिक्षावाल्याने पत्ता विचारला तरी मी ठाम सांगतो.

ताई दर पाच मिनिटांनी जिन्यात डोकावायच्या.

"काका, ही बरणी कशाची? फेकायची का?"

"नाही नाही, ते औषध आहे." ते काय होतं, मला आजही माहीत नाही.

"काका, या डब्यात आत किडे झालेत."

"त्याला हात लावू नका. तो बियाण्याचा आहे."

असं तासभर घरमालक म्हणून माझं फार सुंदर चाललं होतं. मग त्या माळ्यावरचं सामान खाली घेऊन आल्या. हातात चादर, चादरीत ते.

"काका, हे मातीचं आहे. याला साबण चालतो का?"

बघा, त्या बाईने विचारलं होतं. अगदी नेमकं विचारलं होतं. त्यांच्या कामात तसूभर खोट नव्हती. एका क्षणाला माझ्या मनात काहीतरी हललंही, की याच्याबद्दल कायतरी नियम आहे. पण त्या समोर उभ्या होत्या, वाट पाहत. आणि मी खिडकीच्या आत बसलेलो होतो.

"चालतो म्हणजे? चांगलं घासा. काळं दिसेल ते बठ्ठं काढून टाका."

संध्याकाळी घर चमकत होतं. खरंच चमकत होतं. फरशीत माझं पोट दिसत होतं. ताईंनी पाठवलेले आधीचे आणि नंतरचे चोवीस फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, "सरप्राइज!" आणि खाली झाडूचं चित्र. मुलीने लगेच टाळ्या पाठवल्या. मेहुण्याने लिहिलं, "भाऊजी, आमच्याकडे पण या." मी टीव्ही लावून, पाय वर घेऊन, बायकोच्या कौतुकाची वाट पाहत बसलो.

फोन आला. कौतुक नव्हतं.

"विसाव्या फोटोत बेसिनजवळ ते लाल काय आहे?"

"लाल?" मी फोटो उघडला. बेसिनशेजारी नवीन कुंडीसारखं लालबुंद काहीतरी पालथं ठेवलेलं होतं. "अगं, ते तुझं खापर. ओळखू येत नाही ना? सव्वीस वर्षांचा मळ होता त्याच्यावर!"

मग ती बोलली, आणि ती माहेरच्या भाषेत बोलली. असं ती फक्त दोन वेळा बोलते, फार आनंदात आणि फार रागात.

"हाई काय करी ठेवं तुम्ही? तुम्हले कोनी सांगं व्हतं? तो मळ नव्हता!"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने ती आली. चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेली. खापर उचललं, नाकाशी धरलं, आणि माझ्या नाकाशी धरलं. लिंबाचा वास येत होता. कुठल्या झाडाला लागत नाही असल्या लिंबाचा.

तिने आशा सोडली नव्हती. गच्चीवर तीन विटा मांडल्या, जाळ केला, खापर तापवलं. तापलं तसा लिंबू आणखी खुलला. तिने साध्या कणकेचा एक उंडा त्यावर टाकला. तो मध्येच चिकटला. खरवडून काढून तिने माझ्या ताटलीत घातला.

मी तुकडा तोंडात टाकला. घरात शांतता हवी होती म्हणून म्हटलं, "तसं काही कळत नाही."

"मग अख्खा खा."

मी दुसरा घास घेतला आणि कठड्याशी जाऊन थुंकून आलो. तासभर मला ढेकर येत होते ते एखाद्या महागड्या हॉटेलच्या हात धुवायच्या जागेसारखे.

ती कठड्याला टेकून उभी होती. ओरडली असती तर मला परवडलं असतं. "पोरीने सासरी सगळ्यांना सांगून ठेवलंय," एवढंच म्हणाली आणि खाली गेली. गच्चीवर मी आणि चूल उरलो. मला पहिल्यांदाच नीट समजलं, की मी घर नाही धुतलं, पोरीचा शब्द धुतला.

आखाजीला तीन दिवस होते. एक बरं, की आखाजीत घागर पुजायची असते म्हणून कुंभारांची दुकानं बाजारात रस्त्यावर मांडलेलीच असतात. तिथून नवं खापर आणलं. ते तिने निवडलं, टिचकी मारून, आवाज ऐकून. मी फक्त पिशवी धरून उभा होतो. रात्रभर पाण्यात भिजवलं, दिवसभर सावलीत सुकवलं, आणि मग त्याला जाळावर मुरवायचं काम तिने मला दिलं. दिलं म्हणजे मुलीला फोनवर सांगितलं, मी ऐकेन अशा आवाजात, "तुझ्या पप्पांना सांग, आच मोठी झाली तर हेही तडकेल."

जळगावचा उन्हाळा, दुपारची गच्ची, त्यात चूल. मी डोक्याला ओला पंचा बांधून काड्या सारत होतो, तेलाचा बोळा फिरवत होतो. शेजारच्या गच्चीवर कुरडया राखत बसलेले आबा ओरडले, "काय हो, नोकरी सोडली का? खानावळ काढली?" मी ठाम आवाजात सांगितलं, "हो." सवय.

आखाजीला सकाळीच मुलगी आली. दुपारी जावई आले, हॉलमध्ये बसले, फरशीचं कौतुक केलं. ते ऐकताच बायको उठून जिना चढली. गच्चीवर बायकोने पदर खोचला. पहिला मांडा चिकटला. दुसरा मधोमध फाटला आणि पुरण जाळात पडलं. तिसरा निघाला, पण नकाशासारखा. नवं खापर कुणाचंच नसतं, ते अजून शिकत असतं. बायकोच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

मुलगी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई, मी टाकू एक?"

हा प्रश्न ती सहा-सात वर्षांची असल्यापासून दर आखाजीला विचारायची आणि दर आखाजीला उत्तर मिळायचं, "नको, खापर फुटेल." बायकोने नव्या खापराकडे पाहिलं. मग जरा बाजूला सरकली.

"टाक. याला काय होतंय? हात तेवढे भाजू नको."

मुलीचा पहिला अर्धा खापरावर आणि अर्धा विटेवर पडला. दुसऱ्याला तिने "आई गं" म्हणून हवेतच सोडलं. बायको हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "अगं, घाबरतेस काय त्याला? बाळासारखं धर. मनगट सैल सोड. हां, आता फिरव. फिरव. कोपरापर्यंत येऊ दे. सोड!"

पाचवा की सहावा होता. तो पडला तो खापरभर, पातळ, पुरण दिसेल असा, एकही भोक नाही. नेमके त्याच वेळी जावई जिना चढून आले होते, बहुतेक भुकेने. दारातच थांबले. मुलीचे दोन्ही हात अजून हवेतच होते, पिठाने माखलेले.

"अरे," ते म्हणाले, "हे खरंच हातावर करतात!"

"मग मी काय सांगत होते?" मुलगी म्हणाली, आणि पुढचा उंडा उचलला.

त्या दिवशी आमरसासोबत जावयांनी पाच मांडे खाल्ले, त्यातले तीन फाटके. सोलापूरच्या नातेवाइकांना व्हिडिओही पाठवला. मला बायकोने विटेवर पडलेला अर्धा वाढला. राख झटकून खाल्ला, छान होता. हे मी खरं सांगतोय.

चार दिवसांनी जावई गाडी घेऊन मुलीला न्यायला आले. बायकोने ते नवं खापर चादरीत गुंडाळलं. मुलीने विचारलं, "मग तुला?" ती म्हणाली, "मी आणीन धरणगावहून. तू हे ने, दर आठवड्याला एकदा तरी तापव. पाण्याचा हात पुरे. साबण नाही." साबण म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे पाहिलंच.

जिना उतरायचा होता. आता आपणही काहीतरी करावं म्हणून मी पुढे झालो आणि दोन्ही हात पसरले. "आण इकडे, मी नेतो खाली."

बायकोने गाठोडं पोटाशी घट्ट धरलं.

"तुम्ही नका," ती मला म्हणाली. सरळ मला. "तुम्ही फाटक उघडा."

मी धावत जाऊन फाटक उघडलं.