कोनच्या आजींचा ड्रम

मास्तर जुना ड्रम आधी हुंगायचे. वरचं चामडं काढायचं, आत नाक घालायचं, डोळे मिटायचे आणि मगच बोलायचं. "लाकूड मूळचं हाय. कडं मागाहून बसवलंय." समोर बॅण्डवाले निकालाची वाट पाहत उभे. मास्तर उरणकडचे कोळी. तरुणपणी लग्नाच्या बॅण्डात वाजवलेलं, नंतर पनवेलला आमच्या इमारतीखाली दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. त्यांच्या शब्दावर कुणी दुसरं मत घेत नसे.

मी कॉलेजात ग्रंथपाल. तेव्हा इंटरनेट नवं होतं. जुन्या परदेशी ड्रमच्या कॅटलॉगची पानं मी त्यांना छापून देत असे. "वाचायचं तुमी, बघायचं मी," ते म्हणत. एकदा चित्रातल्या स्क्रूवर नख ठेवून म्हणाले, "सर, तुमचा कागद नंतरचा हाय. आपला ड्रम ह्याच्या आधीचा." तारीख पाहिली, तर खरंच तसं होतं.

"दुखतं तेवढंच उघडायचं," हा त्यांचा नियम. धडधाकट भागाला हात लावणं त्यांना अपमान वाटे. त्या ड्रमचा आणि त्याच्या मालकाचाही.

याच नियमाने एकदा घात केला. कोन गावच्या एक आजी नवऱ्याचा साइड ड्रम घेऊन आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातवाच्या हळदीला तो वाजावा, आणि आजोबांच्या हातात होता तसाच असावा, एवढंच त्यांचं मागणं. चामडं ताणणारे बोल्ट ज्यांत बसतात, ते पितळी कान ड्रमला आठ होते. सात एकसारखे, आठवा पिंपळपानासारखा, झिजलेला. मास्तरांनी बोट ठेवलं. "ह्यो एक खोटा. कुनीतरी भंगारातला बसवलाय." आजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मास्तरांनी तेवढाच काढला, सातांना हात न लावता त्यांच्यासारखा आठवा बसवला. काढलेला कान भंगाराच्या पोत्यातून कळंबोलीला गेला.

हळदीला पाच दिवस उरले असताना शेजारचा कान ढिला झाला. तो उघडला, तर खालच्या लाकडावर न उडालेल्या पॉलिशची खूण, पिंपळपानाच्या आकाराची. मास्तरांनी सगळे उघडले. प्रत्येकाखाली तीच खूण.

"सर, खरा होता तोच मी फेकला."

दुकान बंद करून ते कळंबोलीला भंगाराच्या ढिगासमोर जाऊन बसले. मी दोन दिवस डबा घेऊन गेलो. कान सापडला तेव्हा ते हसले नाहीत. शर्टाला पुसून खिशात ठेवला.

हळदीच्या मांडवात, सगळ्यांदेखत, त्यांनी आजींचे पाय धरले. "आये, माजी चूक झाली. ते सात खोटे हायत."

"खोटे कशाला रं? ते माज्या मानसानंच बसवले. वाजवून वाजवून जुने मोडले, त्यो एकच टिकला."

"मंग तवा बोलली का नाय?"

"तू कवरा ठाम बोललास! मना वाटला, मीच विसरले."

मांडव हसला. मास्तर हसले नाहीत. सात तसेच ठेवून त्यांनी आठवा जागेवर बसवला आणि ड्रम स्वतः वाजवला. त्यानंतर दुकानात हुंगणं दुसऱ्या नंबरावर गेलं. आधी ड्रमवाल्याला बाकावर बसवायचं, चहा सांगायचा आणि विचारायचं, "ह्याला कुनी कुनी हात लावलाय, सांगा."

मास्तर गेले. शोकसभेत एकामागून एक बॅण्डवाले उठले. मास्तर कधी चुकले नाहीत, असं प्रत्येक जण म्हणाला. मी सहसा चार लोकांत बोलत नाही. त्या दिवशी उठलो. "चुकले होते," म्हणालो आणि सगळं सांगितलं. दोन दिवस ते ढिगासमोर कसे बसले, तेही सांगितलं.

पुढच्या रांगेत मास्तरांच्या बायकोने तेवढ्यात पहिल्यांदा मान वर केली.

"दोन नाय सर, तीन," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवशी तुमी नव्हते. मी व्हते."