बुटांची तोंडं

दुपारचं जेवण झाल्यावर कर्नल इंगवले आडवे होतात. चपला पलंगाखाली काढलेल्या, चाळीस वर्षांच्या सवयीनं तोंडं बाहेरच्या बाजूला. खिशात पलीकडच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली. बायको, प्रभा, गेली तेव्हापासून ते कपाट बंद आहे. संध्याकाळी मृणाल येणार. वर्षश्राद्धाआधी आईच्या साड्या नात्यातल्या बायकांना देऊन टाकू, असं लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं.

मागच्या अंगणात कुणीतरी कपडे आपटतंय. आवाज हळूहळू लांब जातो आणि समोर चढण येते.

पूर्वेकडचे डोंगर. बांबूचं घर. कर्नल पुन्हा कॅप्टन आहेत, मागे जवान उभे आहेत. हेच ते गाव. इथंच, बंडखोर शोधताना, त्यांनी घरझडतीचा नियम बसवला: घरच्या बाईनं बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, बूट बाहेर काढायचे, पेट्या तिनंच उघडायच्या. पुढे त्याचं पुस्तक झालं. परदेशातले अधिकारीही ते वाचायला लागले. वरच्या साहेबांनी मात्र त्यांना ‘बूटकाढे’ म्हणून हिणवलं आणि ब्रिगेडियरकी दुसऱ्याला दिली.

दारात प्रभा बसली आहे, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत. त्यांना नवल वाटत नाही.

“कशाला आलात?”

“झडती आहे.”

“घ्या की. कुणाला शोधताय?”

ते आठवावं लागतं, आणि आठवत नाही. ते खाली बसून बूट काढतात, तोंडं बाहेर करून ठेवतात. उठतात तर हातात खडू आहे. पुढे तरुण अधिकाऱ्यांच्या रांगा. प्रभा शेवटच्या बाकावर, सूप तसंच मांडीवर. ती हात वर करते.

“सर, एक शंका. बुटांची तोंडं बाहेर का?”

अधिकारी हसू दाबतात. कर्नल नेहमीचं उत्तर देतात, की गोळीबार झालाच तर पाय घालून लगेच धावता यावं.

“म्हणजे पाहुणा आत यायच्या आधीच पळायच्या बेतात. त्या बायकांना काय डोळे नव्हते? म्हणून तुम्हाला चहा मिळायचा, बातमी नाही.”

सगळा वर्ग हे उतरवून घेतो. कर्नलना राग येतो.

“हे तेव्हा का नाही बोललीस?”

“सुट्टीवर आलात की दारातले बूट मी तोंडं आत वळवून ठेवायचे. तुम्ही ते परत फिरवायचात. आणखी कसं बोलायचं?”

खडू कुठं गेला कळत नाही. पायाखाली घरातलीच फरशी आहे, समोर प्रभाची खोली. ती आत कपाटाला टेकून उभी आहे. ते उंबऱ्यापाशीच थांबतात.

“येऊ का?”

“किल्ली तर तुमच्याकडे.”

“पेटी घरच्या बाईनं उघडायची असते.”

“आणि बाईच नसली तर?”

“तसं पुस्तकात काही नाही.”

“मग आता घाला. घरच्या माणसानं उघडावी. इतक्या दिवसांचे काय दारात उभे राहिलात, वसुलीला आल्यासारखे.” ती खाली वाकते, त्यांच्या पायांजवळ काहीतरी सारखं करते. “या आत. आणि ती मोरपंखी साडी मृणालला द्या, बाकीच्या कुणालाही गेल्या तरी चालतील.”

डोळे उघडतात तेव्हा ऊन भिंतीवर चढलंय. कपडे आपटणं थांबलंय. कर्नल पाय खाली सोडतात, चाचपडतात. पलंगाखाली चपला नाहीत.

ते अनवाणी बाहेर येतात. चपला प्रभाच्या खोलीच्या उंबऱ्याशी आहेत, शेजारी शेजारी ठेवलेल्या. तोंडं आतल्या बाजूला.

सवयीनं त्यांचा हात त्या फिरवायला जातो. मग तो हात मागे घेऊन ते खिशातली किल्ली काढतात आणि उंबरा ओलांडतात. चपला तशाच राहतात.